तिपाई बाहेर ठेवा

तर झालं असं की गेल्या एप्रिलात आत्याचा फोन आला, "अरे कागद आले बघ त्यांचे, जूनच्या आत खोली खाली करून द्यायचीय, तुझा तो मोठा कॅमेरा घेऊन ये एकदा." आत्या म्हणजे गिरगावातली. तिसरा मजला, कॉमन गॅलरी, लाकडी कठडा, बाहेरची खोली दहा बाय बारा आणि आतली त्याहून जरा कमी, आत ओटा नि मोरी, वर पोटमाळा. लग्न होऊन आली ती इथेच आणि आता सत्त्याहत्तराव्या वर्षी दहिसरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये, नवीन बिल्डिंग उभी राहीपर्यंत. कधी उभी राहील ते बिल्डरच्या आधी देवाला कळणार, असं तिचंच म्हणणं.

मी म्हटलं येतो. आणि मनात म्हटलं, किती वेळ लागणार, दोन खोल्या तर आहेत. मला इमारतींच्या आतले फोटो काढायचा नाद आहे, बारा-तेरा वर्षं झाली, म्हणजे ट्रायपॉड न लावता हातात कॅमेरा धरून एकाच दृश्याच्या कमी-जास्त उजेडाच्या चार-पाच फ्रेम मारायच्या आणि मग कंप्युटरवर त्यांची एक करायची, ज्याला एचडीआर म्हणतात ते. तेव्हा दोन खोल्या काय अवघड. तर त्या दोन खोल्यांनी माझी जी काय जिरवली ती सांगायला ही पोस्ट.

आधी ट्रायपॉडचं सांगतो कारण सगळे तेच विचारतात, की अरे मग ट्रायपॉडच लाव ना. बाबांनो, मुंबईत ट्रायपॉड उघडला की पाच मिनिटांत कोणीतरी येतं. मोबाईलने तासभर शूट करा, कोणी हूं की चूं करत नाही, पण तीन पाय दिसले की तुम्ही एकदम फिल्मवाले होता, परमिशनचा कागद कुठाय. कान्हेरीसारख्या पुरातत्त्व खात्याच्या जागी तर ट्रायपॉडला आधी परवानगी काढावी लागते, स्टेशनावर तो विचारसुद्धा करू नये. मला एका जुन्या इमारतीच्या दारावरच्या वॉचमनकाकांनी फार प्रेमाने सांगितलं होतं, "दादा, तुम्ही आत जा, तिपाई बाहेर ठेवा." ट्रायपॉडला तिपाई हा शब्द मी तेव्हापासून उचलला. आणि ती तिपाई त्यांच्या खुर्चीशेजारी ठेवून आत गेलो त्या दिवशी जे फोटो आले ते वाईट नव्हते. मग सवयच लागली.

हातातल्या एचडीआरसाठी मुंबईत शिकायला दोन जागा भारी आहेत असं माझं मत. एक सीएसएमटीचा जुना बुकिंग हॉल, ज्याला स्टार चेंबर म्हणतात, छतावर सोनेरी चांदण्या आहेत तो. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने ही इमारत डिझाईन केली, १८७८ ला काम सुरू झालं आणि पूर्ण व्हायला दहा वर्षं गेली, २००४ मध्ये युनेस्कोच्या यादीत आली, हे सगळं आपल्याला शाळेपासून माहितीये, पण मान वर करून ते छत बघणारा माणूस सकाळी नऊला सापडणं कठीण. आणि फोटोग्राफरला तिथे कळतं की भूत म्हणजे काय. पहिल्या फ्रेमात माणूस खांबाजवळ, दुसऱ्यात दोन पावलं पुढे, तिसऱ्यात अजून पुढे, आणि तिन्ही एकत्र केल्या की एकाच माणसाचे तीन पारदर्शक माणूस, एकाला डोकं नाही, एकाची नुसती बॅग तरंगतेय. माझ्याकडे तिथला एक फोटो आहे, त्यात एका काकांना पाय अजिबातच नाहीत पण डबा मात्र एकदम स्पष्ट. कारण डबा हातात स्थिर होता आणि पाय चालत होते.

दुसरी जागा कुलाब्याचं अफगाण चर्च. पहिल्या इंग्रज-अफगाण युद्धात मेलेल्या सैनिकांच्या आठवणीत बांधलेलं, १८५८ मध्ये खुलं झालेलं. आत मिंटनच्या टाइल्स, उंच टोकदार कमानी, रंगीत काचांच्या खिडक्या. रंगीत काच म्हणजे या सगळ्या उद्योगाची परीक्षा, काचेच्या उजेडाप्रमाणे फोटो काढला की भिंत काळी ठिक्कर, भिंतीच्या उजेडाप्रमाणे काढला की काच म्हणजे पांढरा चट्टा, निळा-लाल सगळं गायब. पण तिथे माणसं कमी, बाकं भक्कम, कोपर टेकवायला जागा भरपूर. तिथे पहिल्याच दिवशी पाचपैकी चार सेट (सेट म्हणजे एकाच दृश्याच्या सगळ्या फ्रेम) जुळले तेव्हा मला वाटलं आपण शिकलो.

आता गिरगाव.

शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास पोचलो. मला मुद्दाम त्याच वेळेला जायचं होतं कारण त्या वेळी गॅलरीच्या दारातून उन्हाचा एक पट्टा आत येतो आणि लादीवर पडतो, लहानपणी आम्ही त्यात पत्ते खेळायचो. पण उन्हाचा पट्टा म्हणजे काय हे कॅमेऱ्याला विचारा. मी ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ ५.६ आणि आयएसओ, म्हणजे सेन्सर उजेडाला किती हळवा ते, ८०० ठेवून शटर किती वेळ उघडं लागतं ते मोजलं. समोरच्या चाळीची उन्हातली भिंत, सेकंदाचा आठ हजारावा भाग. खोलीतली कॉट, सेकंदाचा आठवा भाग. म्हणजे बाहेर आतल्यापेक्षा हजारपट उजेड, फोटोवाल्यांच्या भाषेत दहा स्टॉप, कारण एक स्टॉप म्हणजे दुप्पट आणि दहा वेळा दुप्पट केलं की १०२४. आणि कॉटच्या खाली, जिथे ट्रंका असतात, तिथे अजून तीन स्टॉप खाली. झाले तेरा.

आता कोणी म्हणेल की आजचे सेन्सर एका रॉ फाइलमध्ये (म्हणजे कॅमेऱ्याने काही संस्कार न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये) तेरा-चौदा स्टॉप पकडतात. पकडतात, कागदावर, आणि ते पण सगळ्यात कमी आयएसओला. आयएसओ वाढवला की ते कमी होत जातं, दर स्टॉपमागे साधारण एक. आणि अगदी तळाशी जे पकडलं जातं ते उजळ केलं की फोटोत दाणे, रवाच रवा दिसतो, उपमा करा. पण हे पण खरंय की पूर्वी ज्याला तीन फ्रेम लागायच्या त्यातलं अर्धं काम आता एका रॉमध्ये होतं. मी स्वतः आता ढगाळ दिवशी ब्रॅकेटिंगच्या, म्हणजे कमी-जास्त उजेडाच्या फ्रेमांच्या, फंदात पडत नाही. पण तेरा स्टॉपला पर्याय नव्हता. पाच फ्रेम, दोन-दोन स्टॉपच्या अंतराने: १/२०००, १/५००, १/१२५, १/३० आणि १/८.

हातात धरून करायचं असेल तर हिशोब नेहमी सगळ्यात हळू फ्रेमपासून उलटा करायचा, ही एक गोष्ट मला कोणी पहिल्या वर्षी सांगितली असती तर हजारेक फोटो वाचले असते. लोक मधली फ्रेम नीट सेट करतात आणि मग सगळ्यात हळू फ्रेम अर्ध्या सेकंदाची होऊन बसते आणि हलते. आणि सावलीतला सगळा मालमसाला तर त्याच फ्रेममधून येणार असतो! तेव्हा आधी स्वतःला विचारायचं की माझा हात किती धरतो. जुना नियम आहे, लेन्स जितक्या मिलिमीटरची सेकंदाचा तितकावा भाग, म्हणजे १८ मिमीसारखं दिसणाऱ्या वाइड लेन्सला साधारण १/२०. त्यात कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन, कंपनी पाच स्टॉप म्हणते, मी दीड धरतो. म्हणून १/८. त्यासाठी आयएसओ ८०० लागला तर लागला. थोडा रवा चालेल, हललेला फोटो नाही चालत.

बाकी सेटिंग म्हणाल तर ॲपर्चर फिक्स, ऑटो आयएसओ बंद (चालू राहिला तर काही कॅमेरे शहाणपणा करून शटरऐवजी आयएसओच बदलतात आणि तुमची काळी फ्रेम काळी होतच नाही), व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) एकच, फोकस एकदा करून मॅन्युअलवर टाकायचा, नाहीतर पाच फ्रेमांत पाच जागी फोकस. बर्स्ट मोड लावायचा आणि बटण दाबून ठेवायचं, पाचही फ्रेम सेकंदाभरात होतात. आणि प्रत्येक सेटनंतर आपल्या तळहाताचा एक फोटो काढायचा. हसू नका, घरी आल्यावर चारशे सारख्या दिसणाऱ्या फ्रेमांत कुठला सेट कुठे संपला हे त्या तळहातावरूनच कळतं.

अजून एक जुगाड माझ्याकडे असतो, दोरी. कॅमेऱ्याच्या खाली ट्रायपॉडचं भोक असतं त्यात पाव इंची बोल्ट बसतो. नागदेवी स्ट्रीटला मिळतो, पण पाव इंचीच मागायचा, सहा एमएमचा बसल्यासारखा वाटतो पण आटे वेगळे असतात, भोक खराब होतं. त्या बोल्टला नाडी बांधायची, दुसरं टोक पायाखाली दाबायचं आणि कॅमेरा वर ओढून नाडी ताणून धरायची. वर-खालीचं हलणं निम्म्याने कमी होतं आणि ही तिपाई कोणी बाहेर ठेवायला सांगत नाही. आत्याला दाखवली तर म्हणाली, "शिकून सवरून नाड्या बांधतोयस."

तर नाडी पायाखाली, पाठ दाराच्या चौकटीला, श्वास सोडला, खर्रर्रकन पाच फ्रेम. स्क्रीनवर मोठी करून बघितली, एकेक फ्रेम कडक. चर्चपेक्षा स्थिर. मी खूष. दोन तासांत तीसेक सेट मारले, मध्ये पोहे झाले, चहा झाला, शेजारच्या काकू येऊन "आमची पण खोली काढ हो" म्हणून गेल्या, त्यांची पण काढली.

घरी येऊन लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमा मर्ज, म्हणजे एकत्र, केल्या आणि बोंबला. लांबची भिंत जुळलीय, फडताळ जुळलंय, देव्हारा जुळलाय, पण जवळच्या खुर्चीच्या दांड्याला दोन कडा. पाण्याच्या पिंपाला दोन गळे. दुसरा सेट घेतला तर पिंप जुळलंय आणि मागचं कपाट दोन-दोन. तीसपैकी एकवीस सेट असे.

माझ्या डोक्यात काही शिरेना कारण एकही फ्रेम हललेली नव्हती. मग रात्री आडवा पडल्यावर उजेड पडला. एक डोळा मिटून अंगठा समोर धरा, मग तो डोळा उघडून दुसरा मिटा. अंगठा उडी मारतो, भिंत मारत नाही. तेच. पाच फ्रेम घेताना मी सेकंदाभरात अर्धा इंच डावीकडे डुललो असणार, माणूस उभा राहिला की डुलतोच, आणि नाडी वर-खाली थांबवते, बाजूचं डुलणं थोडीच थांबवते. चर्चमध्ये सगळ्यात जवळची वस्तू वीस फुटांवर, तिथे अर्ध्या इंचाने काय होतंय. दहा बाय बाराच्या खोलीत दाराच्या चौकटीत उभं राहिलं की खुर्चीचा दांडा दोन फुटांवर आणि कपाट दहा फुटांवर. सॉफ्टवेअर काय करतं तर फ्रेम सरकवतं, फिरवतं, थोडी लहान-मोठी करतं. कॅमेरा जागच्या जागी वळला असेल तर ते सगळं सावरून घेतं. पण कॅमेरा जागेवरून हलला तर जवळचं आणि लांबचं वेगवेगळ्या प्रमाणात सरकतं आणि मग कुठल्यातरी एकालाच धरता येतं. म्हणजे एवढं मोठं चर्च सोपं आणि आत्याची खोली अवघड, हे मला बारा वर्षांत कधी सुचलं नव्हतं कारण मी कधी एवढ्या लहान खोलीचा फोटोच काढला नव्हता. आपण सगळे मोठ्या इमारतींच्याच मागे असतो ना.

पुढच्या शनिवारी परत गेलो. आत्याने परत पोहे केले. या वेळी मी उभा राहून काढलंच नाही, जिथे शक्य तिथे कॅमेरा टेकवला. कपाटाच्या कडेला, दाराच्या कडीवर, ओट्यावर, आणि बऱ्याच वेळा तांदळाच्या पिशवीवर. दीड-दोन किलो तांदूळ कापडी पिशवीत सैल भरायचे आणि त्यात कॅमेरा रुतवायचा, पाहिजे त्या कोनात बसतो. खुर्ची, तिच्यावर डबा, त्यावर तांदूळ, त्यावर कॅमेरा, असा माझा तो ट्रायपॉड. आता तुम्ही म्हणाल ही फसवणूक झाली, हातातलं कुठे राहिलं. हो थोडी झाली. पण माझा हात कॅमेऱ्यावरच होता आणि खोलीत ट्रायपॉडचे पाय पसरले असते तर आत्याला मोरीत जायला वाट राहिली नसती. जिथे टेकवायला काहीच नव्हतं तिथे गुडघ्यावर बसून, दोन्ही कोपरं पोटाशी आणि खांदा भिंतीला घट्ट, पाठ नव्हे, खांदा, म्हणजे डावी-उजवीकडे डुलायला जागाच राहत नाही. आणि कितीही वाटलं तरी दोन फुटांवरची वस्तू फ्रेममध्ये घ्यायची नाही, पाय मागे न्यायला जागा नसेल तर खुर्चीच पुढे सारायची. शिवाय कडेला थोडी जास्तीची जागा सोडायची कारण जुळवताना कडा कापल्या जातात, पहिल्या शनिवारी माझा अर्धा देव्हारा असाच गेला होता.

मग पंखा. पंखा फिरत राहिला तर पाच फ्रेमांत पात्यांचे पाच वेगवेगळे धुरकट गोळे होतात, ते तरी ठीक, पण पंख्याच्या वाऱ्याने भिंतीवरचं कालनिर्णय फडफडतं, दोरीवरचा टॉवेल हलतो, देवाची फुलं हलतात. मी पंखा बंद केला. आत्या म्हणाली, "एप्रिलात पंखा बंद? फोटो काढतोयस का भाजतोयस मला?" मग असं ठरलं की मी "आता" म्हटलं की ती बटण बंद करणार, मी पाते थांबेपर्यंत आणि कालनिर्णय शांत होईपर्यंत वाट बघणार, खर्रर्र, की लगेच चालू. तो जुना पंखा थांबायला मिनिटभर घ्यायचा. तिसऱ्या सेटनंतर ती स्वतःच "आता?" म्हणून विचारायला लागली. दोघं घामाने निथळलेलो.

आणि ट्यूबलाइट. हे पण पहिल्या वेळी मला खाऊन गेलं होतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, जुन्या चोकवाली ट्यूब सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होते, डोळ्याला कळत नाही पण १/५०० च्या शटरला बरोबर कळतं. माझ्या दोन काळ्या फ्रेमांमध्ये अर्धी भिंत पिवळट, अर्धी काळपट, आडवे पट्टे. हळू फ्रेमांमध्ये काही नाही कारण तिथे चढ-उतार मिसळून जातात. उपाय सोपा, ट्यूब बंद. तशीही बाहेरचं ऊन आणि ट्यूब एकत्र आले की एक भिंत निळसर, एक हिरवट, आणि आतल्या खोलीत पिवळा बल्ब असला की झालंच, रंगपंचमी. म्हणून ट्यूब बंद, फक्त दारातून आणि मागच्या खिडकीतून येईल तेवढाच उजेड. आत्या म्हणे, "काळोखात काय दिसणार तुला?" मी म्हटलं तोच तर खेळ आहे.

या वेळी अठ्ठावीसपैकी तेवीस जुळले.

जुळवण्याबद्दल थोडं. लाइटरूमला २०१५ पासून मर्ज आहे, त्यातून जी फाइल मिळते ती रॉसारखीच वागते, नुसती जास्त ताणता येते, तिथे मी डीगोस्ट, म्हणजे भुतं काढायची सोय, शक्यतो बंद ठेवतो कारण ते जिथे हललेलं दिसेल तिथे कुठलीतरी एकच फ्रेम उचलतं आणि त्या तुकड्यात रवा येतो, शेजारच्या तुकड्यात नाही, ते ठिगळ दिसतं. दुसरा मार्ग, फुकटचा, म्हणजे ह्युगिन या सॉफ्टवेअरबरोबर येणारं फ्रेमा जुळवणारं अलाइन आणि मग त्या मिसळणारं एन्फ्यूज. हे जरा वेगळं आहे, त्यात मधली ती अवाढव्य एचडीआर फाइल बनतच नाही, प्रत्येक फ्रेममधला जिथला भाग नीट एक्स्पोज झालाय तेवढा जास्त वजनाने घेऊन सरळ मिसळतात, २००७ मध्ये मर्टन्स, काउट्झ आणि व्हॅन रीथ या तिघांनी मांडलेली पद्धत. माझ्या मते खोल्यांसाठी हीच बरी, खिडकीच्या गजांभोवती ती पांढरी प्रभावळ येत नाही. कल्पना तशी फार जुनी आहे म्हणा, फ्रान्समध्ये गुस्ताव ल ग्रे नावाचा माणूस १८५० च्या दशकात समुद्राची एक निगेटिव्ह आणि आकाशाची दुसरी अशा दोन जोडून प्रिंट काढायचा.

आणि मोबाईल. लपवून काय उपयोग, आत्याच्या नातीने तिच्या फोनवर उभ्या उभ्या एक काढला, नाडी नाही, तांदूळ नाही, आणि तो चांगला आला होता. फोन आमच्यासारख्या कमी-जास्त फ्रेम घेतोच असं नाही, गुगलचं एचडीआर प्लस तर सुरुवातीला सगळ्या सारख्याच, मुद्दाम थोड्या काळ्या फ्रेम घ्यायचं, भराभर, आणि त्यांची बेरीज करून रवा कमी करायचं. प्रत्येक फ्रेमचा वेळ अगदी थोडा असल्यामुळे हात हलायची भानगडच कमी. फक्त तिच्या फोटोत भिंत अशी गुळगुळीत झाली होती की जणू काल रंग मारलाय. हे लक्षात ठेवा, पुढे येणारे.

आता खरी गोष्ट. मी माझ्या तरुणपणी एचडीआरची पापं केलेली आहेत. आकाश जांभळं, लाकूड केशरी, सावली म्हणून कुठे नाहीच, प्रत्येक विटेला स्वतंत्र व्यक्तिमत्त्व, आणि खाली कोपऱ्यात माझं नाव सोनेरी अक्षरात. लोक "ऑसम" म्हणायचे. त्यातून बाहेर यायला मला काही वर्षं लागली आणि मग जसं सिगरेट सोडलेला माणूस सगळ्यांना लेक्चर देतो तसा मी सावल्यांच्या बाजूचा झालो. सावली सावलीच राहू दे, कोपऱ्यात काळोख असेल तर असू दे, डोळ्यालाही एकदम सगळं दिसत नाहीच. तेव्हा आत्याच्या खोलीचा जो मुख्य फोटो होता, कॉट, वर भिंत, डावीकडे दार आणि लादीवर तो उन्हाचा पट्टा, तो मी तीन रात्री बसून केला. ऊन असं की हात लावला तर गरम लागेल, कॉटवरची गोधडी अर्ध्या उजेडात, आणि मागे सगळं हळूहळू काळोखात विरत गेलेलं. मला तो माझा आजवरचा सगळ्यात चांगला फोटो वाटतो, अजूनही.

त्याच सेटचा एन्फ्यूजमधून आलेला कच्चा फोटो पण फोल्डरमध्ये होता. सपाट. बाहेरची भिंत दिसतेय, कॉटखालच्या ट्रंका दिसतायत, कोपरान् कोपरा दिसतोय, ऊन म्हणजे नुसती फिकट चौकट. सरकारी पंचनाम्याला लावावा असा. तो मी डिलीट करायचा विसरलो होतो एवढंच.

मे महिन्यात लॅपटॉप घेऊन दाखवायला गेलो. निम्मं सामान बांधून झालेलं, कॉटवर पुड्यांचा ढीग. मी माझा फोटो उघडला. आत्याने चष्मा लावला, बघितला, "छान आहे हो," म्हणाली, ज्या सुरात आपण दुसऱ्याच्या मुलाचं गाणं ऐकतो त्या सुरात. मग मी पुढे सरकवायला गेलो आणि तो पंचनामा उघडला गेला. मी घाईघाईने मागे जाणार तेवढ्यात तिने माझा हात धरला. "थांब. हा बघू."

खूप वेळ बघत होती. ट्रंका मोजल्या. फडताळातला पितळी डबा ओळखला, म्हणाली हा मी परवा वहिनीला दिला. मोरीच्या दारावर पेन्सिलीने केलेला दुधाचा हिशोब वाचता येतोय का बघितलं, वाचता नाही आला पण रेघा दिसत होत्या. आणि मग कॉटच्या वर, भिंतीवर, साधारण बसलेल्या माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर एक काळपट गोल डाग होता, तिथे बोट ठेवलं. "हा तुझ्या काकांचा."

काका रोज संध्याकाळी कामावरून आले की त्या कॉटवर भिंतीला डोकं टेकून पेपर वाचायचे. डोक्याला तेल. चाळीस वर्षं. आत्या दर दिवाळीला चुना लावताना त्यावर दोन हात जास्त मारायची आणि होळीपर्यंत डाग परत वर यायचा. काकांना जाऊन नऊ वर्षं झाली आणि ते गेल्यावर तिने भिंतीला चुना लावलाच नाही. मला हे माहीत नव्हतं. माझ्या फोटोत ती भिंत काळोखात होती. आणि खरं सांगायचं तर नुसती काळोखात नव्हती, सावली एकसारखी दिसावी म्हणून तिथला एक डाग मी ब्रशने पुसला होता, भिंतीवरची घाण म्हणून.

ते मी तिला सांगितलं नाही. "हा मोठा करून दे," ती म्हणाली, "तो पहिला पण दे, तो बाहेर लाव, पाहुण्यांना."

दोन्ही प्रिंट केले, बारा बाय अठरा. पंचनाम्याच्या रंगाला मी हात लावला नाही, फक्त डागाच्या आसपास थोडा कॉन्ट्रास्ट वाढवला, अगदी थोडा. मी मॅट पेपर सांगितला होता, आत्याने परस्पर फ्रेमवाल्याकडे नेऊन वर काच बसवून घेतली, धूळ बसते म्हणे. आता तो दहिसरला तिच्या पलंगासमोर आहे, सातव्या मजल्यावर, आणि त्याच्या बरोबर समोर भली मोठी स्लायडिंगची खिडकी. दुपारी त्या काचेत खिडकीशिवाय काही दिसत नाही, आत्याला बघायचा असला की उठून पडदा ओढावा लागतो.